साखर समितीचे अध्यक्ष

दोष तात्यांचा. दुसऱ्या कुणाचा नाही. सरकारचा नाही, ग्रामसेवकाचा नाही, चपलेचा तर अजिबात नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की पोरानं घरच्या माणसाला झाकलं.

मी ग्रामपंचायतीत ऑपरेटर आहे. गाव केज तालुक्यातलं. दाखले काढतो, पोर्टल भरतो, ठरावाची वही लिहितो. या वहीची एक गंमत आहे. तीन तास भांडण चालतं, कुणी कुणाची कॉलर धरतं, कुणी रागानं उठून जातं आणि चहा आला की परत येतं. वहीत मात्र एकच ओळ जाते : ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.’ बाकीचं सगळं माझ्या डोक्यात साठतं. आता एवढं साठलंय की कट्ट्यावर बसलो की पोरं म्हणतात, "ऑपरेटर, सोड बे एखादा किस्सा!"

म्हणून सोडतो. सगळे एकाच समितीचे आहेत. आणि समितीचे अध्यक्ष आमचे तात्या.

तात्या म्हणजे माझे मोठे चुलते. वय त्रेसष्ट. वाटणीत विहीर त्यांच्याकडं आली आणि कोयता आमच्याकडं. दर साली दिवाळी झाली की माझे आईबाप ऊस तोडायला सांगलीकडं जातात आणि मी तात्यांच्या घरी राहतो. लहानपणापासून. म्हणजे मला वाढवलं त्यांनीच, हे पण झाकत नाही. डी.फार्म. मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. काहून सोडलं ते ज्याला-त्याला सांगत बसत नाही. तेव्हापासून तात्या मला ‘अर्धं मेडिकल’ म्हणतात.

तर या अर्ध्या मेडिकलनं तात्यांना निदान वीस वेळा सांगितलं असेल, की तात्या, पायाची जखम भरत नाही, शुगर तपासून घ्या. दसऱ्याला नवी चप्पल चावली होती. उजव्या अंगठ्याला, शेंगदाण्याएवढी जखम. तात्या म्हणायचे, "चप्पल बदलली की आता. व्हईल बरी."

जखमेला चप्पल बदललेली कळलीच नाही!

*

समिती कशी झाली ते सांगतो.

ग्रामसभेला तालुक्याहून एक साहेब आले होते. चांगला माणूस. उन्हात उभं राहून सांगत होते की शुगर, बीपी हे आजार नुसत्या गोळ्यांनी आटोक्यात येत नाहीत, त्याला नियम लागतात. जगात कुठं गोड बाटल्यांवर जादा टॅक्स लावतात, कुठं पाकिटावर काळा ठप्पा मारतात की यात साखर जास्त आहे, कुठं शाळेजवळ असलं काही विकूच देत नाहीत. "टॅक्स तुमच्या हातात नाही, पण ग्रामसभा तुमच्या हातात आहे. ठराव करा."

तात्या ताडकन उठले. "साहेब, साखरेवर टॅक्स लावला तर आमच्या उसाचं काय लोणचं घालायचं? सभासद हाव आमी कारखान्याचे!"

साहेब हसले. म्हणाले, "तुमचा साखरेचा अभ्यास दिसतो."

एवढंच म्हणाले. पण तात्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी अभ्यासू म्हणालं होतं. मान ताठ झाली. तेवढ्यात गावचा कारभार बघणाऱ्या आबांनी मागून ठोकून दिलं, "मग समितीचे अध्यक्ष तात्याच!" टाळ्या.

नियम ठरले. शाळेच्या गेटपासून शंभर पावलांत वेफर्स, कोल्ड्रिंक विकायचं नाही. कार्यक्रमात एकच गोड पदार्थ. तिशीच्या वरच्या प्रत्येकानं शुगर तपासायची. नियम मोडला तर सकाळी शाळेच्या मैदानाला तीन फेऱ्या. इथपर्यंत ठीक होतं. मग तात्यांनी अध्यक्ष म्हणून स्वतःचा एक नियम घातला : ज्याला शुगर निघेल त्याचं नाव ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचं. म्हणजे हॉटेलवाला त्याला गोड चहा देणार नाही.

साहेब म्हणाले, "नावं वाचू नका हो. लोक लपवतील."

"लपवून जातेत कुठं? मी हाय की!" तात्या म्हणाले.

चर्चेअंती सर्वानुमते मंजूर. लगेच चहा आला. असा गोड, की साहेबांचे ओठ एकमेकांना चिकटले. त्यांनी तात्यांकडं पाहिलं. तात्या बशीत चहा ओतत म्हणाले, "नियम उद्यापासून लागू हाय."

*

शाळेजवळचं दुकान आबांचं. आबा म्हणजे सरपंच शोभाकाकूंचे मिस्टर. निवडून काकू आल्या, खुर्चीत आबा बसतात. काकू सही तेवढी करतात, आणि घाई असली तर तीही आबाच उरकतात.

मी गेटपासून पावलं मोजली. एकाहत्तरला दुकान आलं.

"तुझी टांग लांब हाय," आबा म्हणाले. "हे मोजमाप धरता येत न्हाई."

मग अध्यक्षांनी मोजलं. तात्या लंगडत चालले, अंगठ्यावर भार न देता. अठ्ठ्याऐंशी. तरी दुकान आतच. आबांनी मला विचारलं, "पाऊल कुणाचं धरायचं ते ठरावात लिवलंय का?"

नव्हतं लिहिलं. ठराव मीच लिहिला होता.

आबा घरी गेले आणि त्यांच्या आईला घेऊन आले. नव्वदीला टेकलेली बाई. काठी टेकत, एका वेळी वीतभर पाऊल टाकत निघाली. अख्खी शाळा खिडकीत. शंभरावं पाऊल पिंपळापाशीच संपलं. दुकान अजून लांब राहिलं. मी वहीत लिहिलं : ‘प्रत्यक्ष मोजणी केली असता दुकान हद्दीबाहेर.’

म्हातारीनं पदरानं घाम पुसला आणि म्हणाली, "आबा, एवढं चालवलंस. आता एक कोल्ड्रिंक पाज."

*

भावकीतल्या एका पोरीचा साखरपुडा होता. पाहुणे वडवणीचे. तात्या मांडवाच्या तोंडालाच उभे. एका हातात ठरावाची झेरॉक्स.

"पेढे हायेत, साखरेचा पुडा हाय. दोन गोड झाले. कोणतं बी एक गाडीत ठिवा."

नवऱ्या मुलाची आत्या पुढं आली. नाकात नथ, हातात पुडा. "काय म्हणता? साखरपुड्यात साखर नको?"

"ठराव हाय गावाचा."

"बरं. मग पुडा तुमी ठिवून घ्या. पोरगं आमी माघारी नेतो!"

तात्यांनी झेरॉक्स खिशात घातली. मांडवात कुणी हसलं नाही, पण सगळ्यांचे खांदे हलत होते.

पुढचं मी डोळ्यानं पाहिलं. पंगत उठल्यावर तात्या पेढ्यांच्या ताटाजवळ गेले. एक उचलला. दुसरा उचलला. मी म्हणालो, "तात्या?"

"तपासतोय बे. किती गोड हायेत ते समितीला कळाया नको का?"

चौथा पेढा तपासत असताना मागून शोभाकाकूंनी हात धरला. गावात हा ठराव एकट्या काकूंनी खरा मानला होता. त्यांची आई शुगरनं आंधळी झालेली. "अध्यक्ष," त्या म्हणाल्या, "चार पेढे. तीन फेऱ्या."

"पाय दुखतोय वयनी."

"म्हणूनच खाऊ नका म्हणत होते."

तात्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हे मारंल फेऱ्या माझ्या नावानं."

*

मारल्या मी. काय करणार, घरात जेवतो त्यांच्या.

पण एकदा अध्यक्षांनी वाट पाडून दिली म्हटल्यावर काय? आबांना दंड झाला, त्यांचा पुतण्या आला. पोलीस पाटलाला दंड झाला, त्याचा जावई आला. सासुरवाडीला चार दिवस आला होता बिचारा! सकाळी सहाला मैदानावर विशी-पंचविशीची बारा-पंधरा पोरं चकरा मारायची आणि ज्यांच्या नावाच्या चकरा ते सगळे कट्ट्यावर बसून मोजायचे. हातात चहा.

"उचल पाय! माझ्या नावाला कमीपणा आणू नको!" पोलीस पाटील जावयाला ओरडायचा.

दोन महिन्यांत त्या पोरांतले तिघं पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत निघाले. समितीनं त्याचंही श्रेय घेतलं. कट्ट्यावरच्यांची पोटं मात्र तिथंच होती. आणि तात्यांचा अंगठा आता सुजून चपलेत मावत नव्हता. ते चपलेचा अंगठा कापून वापरत होते.

मी म्हणालो, "तात्या, दवाखान्यात जाऊ."

"अन् शुगर निघाली तर? माझं नाव मीच वाचू का ग्रामसभेत?"

"नियम काढून टाका."

"अध्यक्षानं सोताचा नियम काढायचा? लोक काय म्हणतील?"

*

मग आली तपासणी.

तिशीच्या वरच्या सगळ्यांची शुगर तपासून शंभर टक्के झालं पाहिजे, असं आबांनी मनावर घेतलं. बोर्ड लावायचा होता वेशीवर. पण दिवस थंडीचे. निम्मं गाव ऊसतोडीला गेलतं. राहिले होते म्हातारे. आणि म्हाताऱ्यांपैकी एकजणही बोट द्यायला तयार नव्हता. काहून? नाव वाचतील!

आबांनी तोडगा काढला. तपासणीला आलेली सिस्टर नवी होती, गावात कुणाला ओळखत नव्हती. आमच्या गावच्या आशा वर्कर सुनीताताई, त्या सगळ्यांना ओळखतात. त्यांना आबांनी "लांबच्या वस्तीवरली माणसं बोलवा" म्हणून पिटाळलं. वस्तीवर कुलपं होती, हे आबांना माहीत होतं. मग कार्यालयात आम्ही पाच पोरं रांगेत बसलो. सिस्टर नाव वाचायची, आबा खूण करायचे, आमच्यातला एक उठायचा आणि बोट पुढं करायचा.

मी नऊ नावं दिली. नऊ बोटं. उसाच्या फडातले चार, गल्लीतले चार म्हातारे, आणि एक पुण्याला गेलेला. सगळे नॉर्मल. माझ्या दोन हातांनी अख्खी आळी निरोगी करून टाकली!

दहावं नाव तात्यांचं निघालं.

तात्या समोर खुर्चीतच बसले होते. जिवंत, हजर, पाय लांब करून. मी म्हणालो, "हे स्वतः आहेत की इथं."

तात्या म्हणाले, "दे की बे. एक बोट शिल्लक हाय तुझं."

सिस्टरनं वर पाहिलं. "नाव हेच? वय त्रेसष्ट?"

मी तेवीसचा. आबा म्हणाले, "केस काळे करतेत ओ ते."

सिस्टर सकाळपासून टोचत होती. तिनं खाली मान घातली आणि टोचलं. त्र्याण्णव. तात्यांच्या नावाचं कार्ड तयार झालं आणि संध्याकाळी पोर्टलवर ते मीच भरलं. औषधाचं मी थोडंफार शिकलोय. त्या आकड्याचा अर्थ मला कळत होता. नाही म्हणायला पाहिजे होतं. म्हणालो नाही.

*

त्याच दिवशी आणखी एक झालं. दुपारी आबांनी आम्हा पोरांना दमलात म्हणून चहा आणि जिलेबी खाऊ घातली. त्यानंतर माझ्या शेजारच्या पप्यानं ऊसतोडीला गेलेल्या गोविंदच्या नावाचं बोट दिलं. आकडा आला एकशे सत्तेचाळीस!

म्हणजे गोविंद तिकडं सांगलीला मोळ्या बांधत होता आणि इकडं जिलेबी पप्यानं खाल्ली म्हणून त्याच्या नावापुढं लाल खूण पडली. सुनीताताईंनी नियमाप्रमाणं दुसऱ्या दिवशी फोन केला, परत तपासून घ्या म्हणून. फोन गोविंदच्या बायकोनं उचलला.

"कधी तपासलं ह्यांना?"

"काल. गावात."

"काल? गावात?" मग फडात आवाज घुमला, "काल कुणाच्या घरी गेलता ओ तुमी?"

*

दोन महिन्यांनी बोर्ड लागला. ‘शंभर टक्के तपासणी झालेले गाव.’ खाली आबांनी पदरचं वाढवलं : ‘मधुमेहमुक्त गाव.’

उद्घाटनाला नारळ फोडला. शोभाकाकूंनी बोर्ड दोनदा वाचला आणि माईकवर एकच वाक्य बोलल्या. "गावात एकाला बी शुगर न्हाई, तर मेडिकलवाला रोज त्या गोळ्या ईकतो कुणाला?"

आबांनी माईक काढून घेतला.

तात्यांचं भाषण चांगलं झालं. एका पायावर उभं राहून केलं. दुसरा पाय त्यांनी खुर्चीच्या दांड्यावर ठेवला होता, वर धोतर सोडून. वारा आला आणि धोतर उडालं. पुढच्या ओळीतल्या बायकांनी पदर नाकाला लावला. अंगठा काळा पडला होता.

घरी आल्यावर मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. "शुगर तपासायची का नाही तुम्हाला?"

"तपासलीय की." त्यांनी कार्ड काढलं. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. "त्र्याण्णव."

"तात्या, ते माझं बोट होतं!"

"बोट तुझं असंल. नाव माझं हाय. सरकार नाव बघतं."

चेष्टेनं नव्हते म्हणत. तेव्हा मला कळलं, की या माणसानं ते कार्ड खरं मानलंय. दुसऱ्याला फसवायला काढलेलं कार्ड, रोज खिशात घालून घालून त्यांना स्वतःलाच पटलं होतं.

चुलतीनं मध्ये पडून सांगितलं, "भांडू नका. सकाळी जीप बघ रे." रात्रभर त्यांना थंडी वाजून ताप होता.

*

मोठ्या दवाखान्यात नेलं. मी, चुलती आणि शोभाकाकू. आबांना कार्यक्रम होता.

डॉक्टर तरुण होते, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. त्यांनी पट्टी सोडली, बघितलं. मग विचारलं, "शुगर आहे का काका?"

"न्हाई." तात्यांनी पिशवीतून कार्ड काढून पुढं धरलं.

डॉक्टरांनी कार्ड वाचलं. सिस्टरला खूण केली. तात्यांचं बोट धरलं गेलं. त्यांचं स्वतःचं, पहिल्यांदाच. त्यांनी डोळे मिटून घेतले लहान पोरासारखे. मशीनवर आकडा आला : चारशे साठ.

डॉक्टरांनी एकदा मशीनकडं पाहिलं, एकदा कार्डाकडं. "मग हे रक्त कुणाचं?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. चुलतीनं माझ्याकडं पाहिलं. काकूंनी तात्यांकडं.

"ह्याचं," तात्या म्हणाले. "घरचंच हाय."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला बाहेर नेऊन एवढंच विचारलं, "दोन महिन्यांपूर्वी खरं बोट का दिलं नाही?" मी समितीचं सांगायला लागलो. शंभर पावलं, फेऱ्या, ग्रामसभेत नाव वाचायचं. सांगताना मलाच ऐकवेना.

ऑपरेशनचा कागद आला. तात्यांनी तो न वाचताच माझ्याकडं सरकवला. "हा करंल सही. माझ्या सगळ्या सह्या हाच करतो."

"तुम्ही शुद्धीत आहात काका. सही तुमचीच लागेल," डॉक्टर म्हणाले.

तात्यांनी पेन धरलं. बराच वेळ लागला. अक्षर वाकडं आलं, सवय राहिली नव्हती. शोभाकाकूंनी कागदाचं टोक धरून ठेवलं होतं, हलू नये म्हणून.

थोड्या वेळानं वॉर्डाच्या दारात एक सिस्टर आली, हातात यादी, मागं स्ट्रेचर. तिनं तात्यांचं पूर्ण नाव वाचलं. मोठ्यानं. वडिलांच्या नावासकट. अख्ख्या वॉर्डानं माना वळवल्या.

"कोण आहे? हात वर करा."

तात्या माझ्याकडं बघत राहिले.

उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली.